दुःखाच्या घरी कोणती फुलं न्यावीत?

फुलवाल्याकडे हार मागितला की तो आधी विचारतो, “पूजेला की मयताला?” त्या उत्तरावर हाराचं सगळं रूप ठरतं. पूजेचा असेल तर निशिगंधाच्या सरात मधूनमधून लाल गुलाब येतो, जरीची फुली येते, खाली चमकीचा गोंडा लागतो. मयताचा म्हटलं की त्याचे हात बदलतात. तयार हारातले गुलाब तो सुईनं उसवून काढतो, जर आणि चमकी बाजूला टाकतो, रिकाम्या जागी पांढरी शेवंती किंवा नुसता पाला भरतो. हार कॅरीबॅगेत न कोंबता कागदात किंवा केळीच्या पानात गुंडाळून देतो. या हाराच्या किमतीवर कुणी घासाघीस करत नाही आणि चांगला फुलवालाही अशा वेळी अडवून भाव लावत नाही.

दादरच्या फूलबाजारात, पुण्याच्या गुलटेकडीत किंवा तालुक्याच्या गावी स्मशानाच्या वाटेवरच्या ‘मयतीचं सामान’ लिहिलेल्या दुकानात बसणाऱ्या माणसाला हे ज्ञान पिढीजात असतं. अडचण बाकीच्यांची आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याचे वडील जातात, तो ख्रिस्ती असतो किंवा पारशी. सोसायटीतल्या जैन कुटुंबात आजी जाते. पुतणी न्यू जर्सीत असते आणि तिच्या शेजारचे अमेरिकन आजोबा जातात. काहीतरी घेऊन जावं, निदान पाठवावं असं मनापासून वाटतं, आणि काय न्यावं हे कळत नाही. मग कुणीतरी मोबाइलवर ‘सांत्वनाची फुलं’ शोधतं आणि सेलोफेनमध्ये गुंडाळलेला, सॅटिनची रिबीन बांधलेला गुच्छ चौथ्या दिवशी त्या घरी पोचतो.

या प्रश्नाचा विचार करताना मला एक गोष्ट सगळ्यात आधी ठरवावीशी वाटते. फूल गेलेल्या माणसासाठी आहे की मागे राहिलेल्यांसाठी? दोन्ही देणी वेगळी आहेत. त्यांची वेळ वेगळी, जागा वेगळी, फुलंही वेगळी. आपल्याकडे होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्यानं होतात.

मृताला फूल वाहण्याची रीत फार जुनी आहे. इस्राएलमधल्या कार्मेल डोंगरावर राकेफेत नावाची गुहा आहे. तिथल्या दफनांखाली फुलं आणि सुगंधी वनस्पती अंथरल्याचे ठसे मातीत सापडले. ती दफनं साधारण १२ ते १४ हजार वर्षांपूर्वीची आहेत. तूतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली आणि पुढे तिच्यातल्या शवपेटीवर कपाळाच्या जागी ऑलिव्हची पानं, निळ्या कमळाच्या पाकळ्या आणि रानफुलं गुंफलेलं छोटं कडं मिळालं. (इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल माणसाच्या ‘फुलांच्या दफना’ची गोष्ट बरीच सांगितली जाते. पण ते पराग मधमाश्यांनी किंवा उंदरांनी आणले असावेत असं आता अनेक संशोधक मानतात.) या रीतीमागे आदर होताच, शिवाय एक रोखठोक गरजही होती. देह जास्त वेळ ठेवायचा तर दुर्गंध झाकावा लागे.

त्या ‘जास्त वेळ’ शब्दांतच पश्चिमेच्या आणि आपल्या रीतीतला फरक आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये मृत्यू आणि अंत्यविधी यांच्यात काही दिवस, कधी एकदोन आठवडेही जातात. देह टिकवून ठेवतात, दर्शनाचा दिवस ठरतो, सभागृहात शवपेटीच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या मांडण्या उभ्या करतात. दूरच्या नातेवाइकाला फुलं पाठवायला पुरेसा वेळ मिळतो. तिथल्या फुलवाल्यांनी १९१० साली तारेनं एकमेकांच्या ऑर्डरी पुऱ्या करण्यासाठी संघटना काढली, त्यातून दूरवरून फुलं पाठवण्याचा धंदा उभा राहिला. आज आपल्या मोबाइलवर दिसणारा सांत्वनाचा गुच्छ हा त्याच व्यवस्थेचा वंशज आहे. तो तिथे शोभतो, कारण त्याला तिथे जागा आहे.

आपल्याकडे सकाळी माणूस गेला की दुपारपर्यंत, फार तर परदेशातला मुलगा येईपर्यंत थांबायचं. फुलांसाठी तेवढेच काही तास. त्यानंतर घरात येणाऱ्या फुलांना ठरलेली जागा उरत नाही. हिंदू घरात सूतक सुरू झालं की देवपूजा थांबते. पुण्या-मुंबईत रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवली जाणारी फुलपुडी आठवून पाहा. सुतकाच्या दहा दिवसांत तीही बंद असते. पुडी टाकणाऱ्या पोऱ्याला शेजारच्यांकडून कळतं आणि तो कुणी न सांगता त्या दारावरून पुढे जातो. देवाचं फूलही जिथे थांबलेलं आहे त्या घरात गुलाबी कार्नेशन आणि ऑर्किडचा गुच्छ आला तर तो ठेवायचा कुठे? फोटोसमोर ठेवावा तर रंगीत, टेबलावर ठेवावा तर सणासारखा दिसतो. घरातली कुणीतरी सून तो उचलून गॅलरीत नेऊन ठेवते. पाठवणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, पण त्या घराला एक काम वाढतं.

म्हणून मराठी हिंदू घरासाठी माझं मत स्पष्ट आहे. फुलं न्यायची तर अंत्यदर्शनाला न्यावीत: पांढऱ्या फुलांचा साधा हार, नाहीतर ओंजळभर सुटी फुलं. निशिगंध, पांढरी शेवंती, मोगरा. झेंडूही चालतो आणि खेड्यात तोच जास्त दिसतो. एका ऑफिसातल्या दहा जणांनी दहा हार आणण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एक न्यावा, कारण चेहऱ्यापर्यंत हारांचा ढीग झाला की घरच्यांना शेवटचं तोंड नीट दिसत नाही. एखाद्याने शेवटी त्या ढिगातून आईचा किंवा वडिलांचा चेहरा मोकळा करायचा, हे मी पाहिलेलं आहे आणि ते पाहवत नाही.

विधीला ज्या वनस्पती खऱ्या अर्थानं लागतात त्या फुलवाल्याच्या मांडणीत पुढे नसतातच. मुखात ठेवायचं तुळशीपत्र, दर्भ, काळे तीळ, आणि पुढे श्राद्धाला माका. श्राद्धाच्या पानाजवळ पांढरी, मंद वासाची फुलं ठेवतात, लाल टाळतात. सवाष्ण गेली तर सगळं उलटं होतं. तिला हिरवी साडी, हळदकुंकू, बांगड्या, ओटी आणि केसांत वेणी किंवा गजरा. अशा वेळी मैत्रिणींनी, जावांनी नेलेला गजरा हे सर्वांत योग्य फूल. लिंगायत समाजात देह बसवून, विभूती लावून, बेलपत्र आणि फुलांनी सजवून दफन करतात. तिथे हार भरपूर असले तरी ते रीतीला धरून असतं. वारकऱ्याच्या अंत्ययात्रेत टाळमृदंग, बुक्का, तुळशीची माळ असते, आणि गावाकडे वाटेवर गुलाल, लाह्या, फुलं उधळतात.

‘आपल्या परंपरेत हेच फूल’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. झेंडूही तिथलाच, आणि तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांना घरी बोलावण्यासाठी त्याच केशरी पाकळ्यांच्या वाटा घालतात. मंदिराबाहेर आणि कबरस्तानात दोन्हीकडे दिसणारा पांढरा चाफा हासुद्धा अमेरिका खंडातून आलेला. ही फुलं काही शतकांत आपलीशी झाली आणि त्यांना आपण दुःखाचा अर्थ दिला. म्हणजे फुलांच्या रीती बदलतात, आणि विचारपूर्वक बदलताही येतात. शेवटी मी ज्या बदलाबद्दल बोलणार आहे त्याचा आधार हाच आहे.

मागे राहिलेल्यांना द्यायचं ते आपल्या समाजानं फार पूर्वी ठरवून ठेवलं आहे, आणि त्यात फूल नाही. चूल पेटत नाही तेव्हा शेजारघरून पिठलं-भात येतो. चहाचा थर्मास येतो. पुढे दहाव्या-तेराव्याला सोयरे कपड्यांचा आहेर करतात, आणि नंतर जवळचे नातेवाईक त्या कुटुंबाला जेवायला बोलावून दुखवटा काढतात. हे सगळं शहरात विरळ होत चाललं आहे आणि त्याची जागा गुच्छ घेऊ पाहतो. ज्याला सांत्वनाला जाऊन काहीतरी द्यायचंच आहे त्याने पाचव्या किंवा सहाव्या दिवशी डबा न्यावा. पहिल्या दोन दिवसांत चार घरांतून डबे येतात, मग येणं थांबतं, आणि त्या वेळी आलेली आमटी-भाकरी घरातल्या बाईच्या खांद्यावरचा भार खरोखर उतरवते.

हा झाला मराठी हिंदू घरांचा विचार. महाराष्ट्रात आणि गोव्यात मात्र शेजार एका रीतीचा नसतो.

ख्रिस्ती घरात फुलांना मानाची आणि निश्चित जागा आहे. वसईचे सामवेदी असोत, मुंबईचे ईस्ट इंडियन असोत की गोव्यातले कॅथलिक, अंत्यविधीला फुलांचं चक्र आणि क्रूसाच्या आकाराची मांडणी नेणं ही रूढ गोष्ट आहे. पांढरी लिली, पांढरे गुलाब, शेवंती, निशिगंध यांतलं काहीही शोभतं. चक्रावर कुणाकडून ते लिहिलेली पट्टी लावतात. एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या दिवसांत, वेदी फुलांनी सजवत नाहीत. तेव्हा त्या काळातल्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी, मोठी मांडणी पाठवण्याआधी विचारून घ्यावं. सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा असते, तेव्हा फुलं घेऊन गेलं तर घरच्यांना बरं वाटतं. पण वसईत किंवा गोव्यात खरी फुलं पाहायची ती २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी. त्याच्या आधी आठवडाभर माणसं दफनभूमीतलं गवत उपटतात, क्रूस धुतात, चुना लावतात. त्या संध्याकाळी प्रत्येक कबरीवर मेणबत्ती आणि फुलं असतात. ज्यांचं कुणी उरलेलं नाही अशा कबरीवरही शेजारच्या कबरीवाले दोन फुलं ठेवून जातात. मित्राची आई वर्षभरापूर्वी गेली असेल तर त्या दिवशी त्याच्यासोबत दफनभूमीत जाऊन एक साधा पांढरा गुच्छ ठेवावा. अंत्यविधीच्या गर्दीत हरवून जाणाऱ्या महागड्या चक्रापेक्षा ते जास्त आठवणीत राहतं.

मुस्लीम घरात दफन शक्य तितक्या लवकर होतं. देहाला कापूर आणि अत्तर लावून साध्या पांढऱ्या कफनात गुंडाळतात. फुलं कबरीवर चढतात: गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाच्या जुड्या, ज्या मुंबईतल्या कबरस्तानांच्या दाराशी विकायला असतात. मात्र कबरीवर फुलं वाहावीत की नाही यावर पंथांपंथांत मतभेद आहेत, त्यामुळे बाहेरच्या माणसाने स्वतःहून चादर किंवा हार नेऊ नये. घरच्यांनी नेलं तर सोबत राहावं. मयताच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोचवावं ही शिकवण मात्र त्यांच्या धर्मातच आहे, त्यामुळे शाकाहारी बिर्याणीचं किंवा फळांचं पातेलं तिथे मनापासून स्वीकारलं जातं.

पारशी विधी सुरू झाले की बिगरपारशी माणसाला देहाचं दर्शन घेता येत नाही. त्यांच्यासाठी बसायची वेगळी जागा असते. तिथे पांढऱ्या कपड्यांत जाऊन बसणं हाच आदर. फुलं त्यांच्याकडे येतात ती मुक्तादच्या दिवसांत. वर्ष संपतानाच्या त्या दहा दिवसांत अग्यारीत मृत व्यक्तीच्या नावानं फुलदाणी ठेवतात आणि रोज ताजी फुलं घालतात. पारशी मित्राला विचारून त्या दिवसांसाठी गुलाब किंवा निशिगंध दिले तर त्याला त्याचं मोल कळतं.

यहुदी रीतीत फुलांना जागा जवळजवळ नाहीच. सात दिवसांच्या शोकाच्या काळात घरी जेवण नेतात, फुलं नेत नाहीत, आणि कबरीला भेट दिली की तिच्यावर एक लहान दगड ठेवतात. कोकणातून गेलेली बेने इस्राएल कुटुंबं आज इस्राएलमध्ये अश्दोद, लोद, दिमोना या शहरांत आहेत आणि त्यांतल्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून मराठी आहे. अलिबागच्या जुन्या शेजाऱ्यांनी त्यांना हार पाठवण्यापेक्षा मराठीतून चार ओळींचं पत्र पाठवावं. जैन घरांत तर फूल तोडणं हीच हिंसा मानणारे पंथ आहेत. स्थानकवासी किंवा दिगंबर तेरापंथी कुटुंबात फुलं न्यायचा विचारच करू नये.

बौद्ध घरांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फुलाचा सगळ्यात खोल विचार मला तिथे सापडतो. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबात अंत्यविधीला आणि नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर फुलं वाहतात, मेणबत्ती आणि उदबत्ती लावतात. फुलं वाहताना म्हटल्या जाणाऱ्या पाली गाथेचा आशय असा की हे फूल जसं कोमेजतं तसा हा देहही नाश पावतो. म्हणजे तिथे कोमेजणं हा फुलाचा दोष नाही, त्याच्यासाठीच ते निवडलेलं असतं. म्हणून प्लास्टिकची किंवा कापडी फुलं या ठिकाणी नेली तर सगळा अर्थच निघून जातो. साधी, ताजी, पांढरी फुलं न्यावीत, मोठा हार नकोच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांना गेली काही वर्षं तरुण कार्यकर्ते हार-मेणबत्तीऐवजी एक वही आणि एक पेन आणायला सांगतात. त्या वह्या गरजू मुलांपर्यंत जातात. अनेक कुटुंबांनी हीच रीत घरच्या पुण्यानुमोदनालाही लावली आहे. तिथे जाताना वही न्यावी, सोबत दोन फुलं असली तरी चालतात.

आता परदेशातल्या मराठी वाचकांसाठी. त्यांची पंचाईत उलटी असते. आपल्याकडे गणपतीला, लक्ष्मीपूजनाला वाहायची शेवंती फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला कबरींवर ठेवतात. तिथे कुणाच्या वाढदिवसाला ती नेली तर यजमानीणबाईचा चेहरा पडेल, पण मयताला तीच योग्य. इटलीतही तसंच. जपानमध्ये अंत्यविधीला पांढरी आणि पिवळी शेवंती लागते. चीनमध्येही पांढरी शेवंती मृत्यूचीच. रशियात फुलांची संख्या मोजतात. आनंदाला विषम, मृत्यूला सम. तिथे बारा फुलांचा गुच्छ वाढदिवसाला नेऊ नये आणि अंत्यविधीला अकराचा नेऊ नये.

ब्रिटनमध्ये मृत्यूच्या जाहिरातीत ‘फुलं फक्त कुटुंबीयांची’ अशी ओळ आली तर ती अक्षरशः पाळायची असते. सोबत एखाद्या संस्थेचं नाव असतं, तिथे देणगी द्यावी. अमेरिकेतही ‘फुलांऐवजी’ म्हणून संस्थेचं नाव देतात. तसं काही लिहिलेलं नसेल तर पांढरी लिली, गुलाब, हायड्रेंजिया किंवा कुंडीतली पीस लिली पाठवतात, आणि घरी न पाठवता अंत्यविधीच्या जागी पाठवली तर कुटुंबाला ती हलवाहलव करावी लागत नाही. घरी पाठवायचीच तर तिथे मांजर आहे का हे आधी पाहावं. लिलीचा परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतो. परदेशात मराठी घरातच मृत्यू झाला तर अमेरिकन सहकारी त्यांच्या रीतीनं लिली पाठवतात आणि आपली माणसं पिठलं-भात घेऊन येतात. दोन्हींचा स्वीकार करायचा. त्या लिली अंत्यदर्शनाच्या सभागृहात लावून टाकाव्यात, तिथे त्या शोभतात.

फुलं निवडताना रंग सगळ्यांत आधी पाहतात, पण वास जास्त महत्त्वाचा आहे. बंद फ्लॅटमध्ये, खिडक्या लावलेल्या खोलीत, रात्रभर जागलेल्या माणसांच्या डोक्यावर निशिगंधाच्या चार हारांचा वास बसतो. पुढे कित्येक वर्षं त्या वासाबरोबर तो दिवस परत येतो, असं अनेकांनी सांगितलं आहे. तेव्हा निशिगंधाचा एकच हार पुरे, बाकी शेवंती. दुसरी गोष्ट वेष्टनाची. सेलोफेन, रिबीन, चमकी, थर्माकोलचं कडं, आणि विशेषतः हिरवा फोम. हा फोम १९५४ साली अमेरिकेत निघाला. फुलं उभी धरण्यासाठी तो सोयीचा, पण तो प्लास्टिकच आहे. कुजत नाही, फक्त चुरा होत बारीक कणांत मोडतो. अंत्यविधीची फुलं बहुतेक वेळा चितेवर, मातीत किंवा पाण्यात जातात. त्यांच्यासोबत फोम आणि जर जाणं हा गेलेल्या माणसाच्या नावाला लागलेला डाग आहे, असं मला वाटतं. चक्र हवंच असेल तर फुलवाल्याला गवताच्या किंवा वाळलेल्या काटक्यांच्या कड्यावर बांधायला सांगावं. सांगितलं तर तो करून देतो.

लहान मूल गेलेल्या घरी मोठा हार नेऊच नये. मोठ्या माणसाच्या मापाचा हार त्या देहावर ठेवायला जागा नसते, आणि ते दृश्य आईला आयुष्यभर सोडत नाही. मोगऱ्याच्या, जाईच्या चार सुट्या कळ्या हातात न्याव्यात आणि शब्द टाळावेत.

श्रद्धांजली सभेत प्रत्येक संस्थेचा प्रतिनिधी वेगळा हार घेऊन स्टेजवर येतो. एकामागून एक नावं पुकारली जातात आणि अर्धा तास त्यातच जातो. त्यापेक्षा सुट्या फुलांचं एक मोठं ताट ठेवावं. ज्याला वाहायचं आहे त्याने एक फूल वाहून पुढे जावं. चपराशी, मोलकरीण, विद्यार्थी, ज्यांच्या हाराचं नाव कधी पुकारलं जाणार नाही ती माणसंही मग आपलं फूल वाहू शकतात. फोटोला चंदनाच्या काड्यांचा हार घालायची पद्धत चांगली आहे. वर्षश्राद्धाला तो बदलावा, तोवर फोटोसमोर घरच्या झाडाचं एक फूल रोज पुरतं. नदीत रक्षा सोडण्याऐवजी ती शेतात किंवा परसात खड्ड्यात पुरून त्यावर आंबा, बकुळ, चाफा लावण्याची रीत अनेक गावांनी स्वीकारली आहे. अशा घराला द्यायचं तर चांगलं रोप द्यावं, आणि ते जगेल अशा ऋतूत द्यावं.

आता त्या बदलाबद्दल. नवरा गेला की त्याच्या देहावर आपण फुलांचा ढीग करतो आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या केसांतलं फूल काढून घेतो. कित्येक घरांत आजही हे होतं. दहाव्याला तिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची. गजरा तर तिने आपणहून सोडून द्यायचा असतो, त्यासाठी कुणी तिला सांगायलाही लागत नाही. पुढे हळदीकुंकवाला तिचं बोलावणं बंद होतं. पूजेत तिने फूल वाहावं का, असा प्रश्नही विचारला जातो. तिच्या घरी सांत्वनाचे गुच्छ पाठवणाऱ्या आपल्यातल्याच बायका महिन्याभरानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचं दार टाळून पुढच्या घरी जातात. सांत्वनाच्या फुलांचा सगळा विचार या एका गोष्टीपुढे मला अपुरा वाटतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर अनेक गावांनी तसे ठराव केले. विधवांना बोलावून हळदीकुंकू करणारी महिला मंडळंही आता शहरांत आणि गावांत आहेत. ठराव कागदावर होतो. तो घरात उतरतो तो शेजारणीच्या हातून. निशिगंध परक्या मुलखातून येऊन आपल्या शोकाचं फूल होऊ शकला, तर गजरा विधवेच्या केसांत परत जायला कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे?

तेव्हा अंत्यदर्शनाला पांढऱ्या फुलांचा एक हार न्या, पाचव्या दिवशी डबा न्या, अन्य धर्माच्या घरी जाण्याआधी त्यांच्याच जवळच्या माणसाला विचारून घ्या. आणि तुमच्या ओळखीतल्या ज्या बाईचा नवरा यंदा गेला असेल तिला येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवा, तिची ओटी भरा, आणि तिची हरकत नसेल तर मोगऱ्याचा गजरा तिच्या हातात देऊ नका, तुमच्या हाताने तिच्या केसांत माळा.